सेवकांच्या चुलीची चिंता वाहणारे शेटजी : जमनालाल बजाज

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर पुरुषाचे अथवा स्त्रीचे चरित्र द्यावयाचे, हा परिपाठ वाचकांच्या परिचयाचा आहे. यंदा आम्ही निवडलेले चरित्रनायक आपल्या ज्ञातीचे नाहीत. ते जन्माने मारवाडातले अग्रवाल, दत्तकविधीने वर्ध्याचे आणि कर्तृत्वाने साऱ्या देशाचे. तथापि नागपूर-वर्ध्याच्या या मातीत त्यांनी जे केले, ते आपल्या घराघरांतून आज विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नाशी इतके जुळते आहे की, त्यांची निवड करताना आम्हांस क्षणभरही संकोच वाटला नाही.

तो प्रश्न असा. घरातील शिकलेला मुलगा किंवा मुलगी म्हणते, मला नोकरी वा दुकानदारी करावयाची नाही. मला समाजकार्य करावयाचे आहे, एखादी संस्था उभारावयाची आहे. आईबापांना अभिमान वाटतो. पण त्याच रात्री त्यांची झोपही उडते. लष्कराच्या भाकऱ्या भाजून घरची चूल कशी पेटणार, ही त्यांची चिंता खोटी नसते. सेवा करणाराने खावे काय, त्याच्या मुलांची फी कोणी भरावी, त्याच्या म्हाताऱ्या आईच्या औषधपाण्याचे काय, या गोष्टी सभांतील व्याख्यानांत सहसा येत नाहीत. शेट जमनालाल बजाज यांनी मात्र त्या आयुष्यभर आपल्या खतावणीत मांडल्या. म्हणून त्यांचे चरित्र आज वाचावयाचे.

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी जयपूर संस्थानातील सीकरजवळच्या काशी का बास या लहानशा खेड्यात झाला. वडील कनीराम व आई बिरदीबाई हे साध्या स्थितीतले कुटुंब. वर्ध्याचे धनाढ्य व्यापारी शेट बच्छराज बजाज यांच्या घरी वारस उरला नव्हता. त्यांच्या पत्नीच्या नजरेत हा मुलगा भरला आणि वयाच्या पाचव्या वर्षाच्या सुमारास तो बच्छराजांचा नातू म्हणून वर्ध्यास दत्तक आला. मुलाच्या बदल्यात जन्मदात्यांनी स्वतःसाठी धन घेतले नाही. गावाला पाण्याची टंचाई होती, तेव्हा गावासाठी एक विहीर बांधून घेतली, असे सांगतात. ज्या मुलाचे मोल सर्वांच्या विहिरीने झाले, तो पुढे सर्वांचाच झाला, हा योगायोग मोठा सूचक आहे.

वर्ध्यास त्यांचे शिक्षण मराठी चौथीपर्यंत झाले. इंग्रजी विद्येचा त्यांना फारसा स्पर्श नव्हता. पुढे बॅरिस्टर, प्राध्यापक आणि शास्त्रज्ञ ज्यांच्या सल्ल्याने संस्था चालवीत, त्या पुरुषाची शाळा एवढीच होती, हे आपल्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. त्या काळच्या रीतीप्रमाणे १९०२ साली, बालवयातच, जावऱ्याच्या जाजोदिया घराण्यातील जानकीदेवींशी त्यांचा विवाह झाला.

त्यांच्या स्वभावाची पहिली खूण पटली ती दोन प्रसंगांत. घरून त्यांना रोज एक रुपया हातखर्चाला मिळे. लोकमान्यांच्या केसरीची हिंदी आवृत्ती नागपुराहून काढावयाची ठरली, तेव्हा या मुलाने साठविलेल्या रुपयांतून शंभर रुपये त्या कार्याला दिले. नागपूरच्या सार्वजनिक जीवनाशी त्यांचा पहिला ऋणानुबंध असा जुळला. दुसरा प्रसंग अधिक कठीण. एका लग्नसमारंभास जाताना अंगावर दागदागिने घालण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून आजोबा संतापले आणि रागाच्या भरात आपल्या संपत्तीची आठवण देऊन नाही नाही ते बोलले. सतरा वर्षांच्या जमनालालजींनी स्टँपाच्या कागदावर आपला सर्व हक्क सोडल्याचे लिहून दिले आणि अंगावरच्या वस्त्रांनिशी ते घराबाहेर पडले. त्या पत्रात राग नव्हता, तक्रार नव्हती. आजोबांविषयीचा आदर जसाच्या तसा होता. पुढे त्यांची समजूत घालून त्यांना परत आणले गेले आणि थोड्याच काळाने, १९०७ मध्ये, बच्छराज निवर्तले. इस्टेट अखेर त्यांच्याकडेच आली. पण एकदा मनाने सोडलेले धन त्यांनी पुन्हा मनाने घेतले नाही. हा पैसा आपला नसून आपल्या हाती ठेव म्हणून आहे, ही वृत्ती त्यांच्यात गांधीजींच्या भेटीपूर्वीच रुजली होती. विश्वस्तपणाचा सिद्धांत महात्माजींनी पुढे जगापुढे मांडला, तेव्हा त्याचे चालतेबोलते उदाहरण वर्ध्याच्या पेढीवर बसलेले होते.

मात्र त्यांनी व्यापार सोडला नाही, हे विसरता कामा नये. वर्धा हा कापसाचा मुलूख; घराण्याची पेढी कापसाचीच. ती त्यांनी वाढविली, पुढे साखरेच्या कारखान्यात घातली, आणि आज ज्या उद्योगसमूहाचे नाव सर्वतोमुखी आहे त्याचा पाया १९२६ साली घातला. सरकारने त्यांना ऑनररी मॅजिस्ट्रेट केले, रायबहादूर केले. दुसरा कोणी असता तर एवढ्यावर कृतार्थ झाला असता. त्यांनी मात्र वर्ध्यास मारवाडी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह व शाळा काढली. या शाळेचा आरंभ एका ज्ञातीच्या मुलांच्या सोयीसाठी झाला. परंतु तिची दारे पुढे सर्वांना खुली झाली आणि १९३७ च्या ऑक्टोबरात याच शाळेच्या आवारात नयी तालीमचा विचार करणारी राष्ट्रीय शिक्षण परिषद गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरली. ज्ञातीच्या संस्थेने आरंभ कोठे करावा आणि पोहोचावे कोठवर, याचा हा उत्तम नमुना होय.

१९१५ साली गांधीजी आफ्रिकेतून परत आल्यावर जमनालालजींनी त्यांना पारखण्यास प्रारंभ केला. व्यापारी माणूस, नुसत्या भाषणावर भुलणारा नव्हे. आश्रमात राहून, दिनक्रम पाहून, हिशेब तपासून त्यांनी आपला निर्णय केला. १९२० च्या डिसेंबरात नागपुरास काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्याच्या स्वागत समितीचे अध्यक्षपद जमनालालजींकडे होते. असहकाराचा ठराव या अधिवेशनाने कायम केला आणि त्याच वेळी जमनालालजींनी महात्माजींकडे एक विलक्षण मागणे मागितले. गांधीजींना चार पुत्र होते. आपल्याला पाचवा मानावे, एवढेच ते मागणे. लोक दत्तक घेतात ते वारसा देण्यासाठी. येथे एका श्रीमंताने स्वतःहून पिता दत्तक घेतला, आणि वारसा म्हणून श्रम व तुरुंगवास पत्करला. त्यानंतर रायबहादुरी सरकारला परत गेली आणि काँग्रेसचे खजिनदारपद त्यांच्याकडे आले, ते मृत्यूपर्यंत राहिले.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. असहकाराच्या हाकेसरशी कित्येक वकिलांनी वकिली सोडली, शिक्षकांनी सरकारी शाळा सोडल्या. टाळ्या पडल्या, हार पडले. परंतु महिना संपताच वाण्याचे बिल आले. त्यागाच्या पहिल्या उमाळ्यानंतर जो दुसरा महिना येतो, तोच खऱ्या कसोटीचा असतो. जमनालालजींनी हे ओळखले. वकिली सोडणाऱ्यांच्या निर्वाहासाठी त्यांनी एक लाख रुपये दिले. त्या काळच्या एक लाखाचे मोल आजच्या वाचकांना सांगावयास नको. परंतु देणगीच्या आकड्यापेक्षा तिच्यामागची दृष्टी मोठी होती. देवळाला, धर्मशाळेला, अन्नछत्राला देणारे दाते आपल्या देशात पुष्कळ झाले. कार्यकर्त्याच्या संसाराला देणारा दाता विरळा.

तात्पुरत्या मदतीने हा प्रश्न सुटणारा नव्हता. म्हणून १९२३ साली, महात्माजी तुरुंगात असताना, गांधी सेवा संघाची स्थापना झाली आणि त्याचे धुरीणत्व जमनालालजींनी स्वीकारले. राजेंद्रप्रसाद, वल्लभभाई, राजगोपालाचारी यांच्यासारखे नेते या कार्यात त्यांच्या बरोबर होते. संघाचा हेतू सरळ होता. खादी, अस्पृश्यतानिवारण, राष्ट्रीय शिक्षण, ग्रामसेवा अशा विधायक कार्याला ज्यांनी पूर्ण वेळ वाहिला आहे, त्यांना साध्या राहणीपुरता निर्वाहखर्च नियमितपणे मिळावा. हा पगार नव्हे आणि भिक्षाही नव्हे. काम करणाराने मिंधे होऊ नये, आणि काम पोटासाठी केले असेही होऊ नये, अशा दोन्ही टोकांच्या मधली ही वाट होती.

महाराष्ट्राला ही वाट अगदीच अनोळखी नव्हती. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य अल्प वेतनावर वीस वर्षे वाहून घेत. नामदार गोखल्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज काढला तोही याच तत्त्वावर. अण्णासाहेब कर्व्यांनी निष्काम कर्ममठाचा प्रयोग केला. परंतु हे सेवक बहुधा पदवीधर, शहरी व थोडे होते. गांधी सेवा संघाने ती व्यवस्था खेड्यातील अल्पशिक्षित कार्यकर्त्यापर्यंत नेली, हे तिचे वैशिष्ट्य.

आणि जमनालालजींची काळजी मनिऑर्डर पाठवून संपत नसे. कोणाच्या बहिणीचे लग्न अडले आहे, कोणाचा मुलगा आजारी आहे, कोणाला कोणते काम मानवेल, याची नोंद ते ठेवीत. कार्यकर्त्यांच्या मुलामुलींचे विवाह जुळविण्याचा तर त्यांना छंदच होता, आणि त्यावरून गांधीजींच्या मंडळीत त्यांची थट्टाही होई. चांगली माणसे शोधावयाची, त्यांना योग्य स्थळी बसवावयाचे आणि मग त्यांच्या कामात ढवळाढवळ करावयाची नाही, हे त्यांचे कौशल्य होते. १९२१ च्या एप्रिलमध्ये विनोबा वर्ध्याच्या आश्रमाचा भार घेण्यास आले, ते जमनालालजींच्याच आग्रहामुळे. शेटजींनी जागा दिली, साधने दिली. आणि वयाने लहान असलेल्या विनोबांपुढे ते स्वतः शिष्यासारखे बसले.

दुसऱ्याला तुरुंगाची वाट दाखवून स्वतः पेढीवर बसणाऱ्यांपैकी ते नव्हते. १९२३ च्या मे महिन्यात नागपुरास झेंडा सत्याग्रह सुरू झाला. चरखांकित तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्सच्या हद्दीत जाण्यास सरकारने मनाई केली होती. ती मोडण्यासाठी रोज स्वयंसेवकांच्या तुकड्या निघत आणि पकडल्या जात. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे नागपुरास आली. या लढ्याचे नेतृत्व करणाऱ्या जमनालालजींना जूनमध्ये अटक झाली. अठरा महिन्यांची शिक्षा व तीन हजार रुपये दंड झाला. दंड भरावयाचा नाही, हे ठरलेलेच होते. सरकारने त्यांची मोटार जप्त करून लिलावास काढली. साऱ्या नागपुरात तिच्यावर बोली बोलणारा एकही इसम निघाला नाही. अखेर ती मोटार विक्रीसाठी काठेवाडात न्यावी लागली. स्वस्तात मिळणारी वस्तू नागपूरकरांनी नाकारली, ही या शहराच्या इतिहासातील एक मानाची गोष्ट आम्ही समजतो. पुढे वल्लभभाईंनी सूत्रे घेतली, ऑगस्टमध्ये मिरवणूक ठरल्या मार्गाने गेली आणि कैदी सुटले. त्यानंतरही १९३०, १९३२, जयपूर प्रजामंडळाच्या लढ्यात १९३९ आणि वैयक्तिक सत्याग्रहात पुन्हा नागपूरचा तुरुंग, असा त्यांचा कारावास चालूच राहिला.

त्यांनी उभारलेल्या वा पोसलेल्या संस्थांची यादी दीर्घ आहे. अखिल भारत चरखा संघ १९२५ साली स्थापन झाला, त्याचे ते खजिनदार. त्याच वर्षी अल्प किमतीत चांगली पुस्तके देण्यासाठी अजमेरास सस्ता साहित्य मंडळ निघाले, तेही त्यांच्याच प्रेरणेने. १९३४ च्या अखेरीस ग्रामोद्योग संघ वर्ध्यास आला, तेव्हा त्यांनी आपली बाग व बंगला दिला. तीच मगनवाडी, जेथे कुमारप्पांनी तेलघाणी, हातकागद, मधुमक्षिकापालन यांचे प्रयोग केले. १९३६ साली गांधीजी ज्या शेगावात राहावयास गेले, तेथेही जमीनजुमला शेटजींचाच होता. ते शेगाव पुढे सेवाग्राम झाले. आमच्या मते या सर्वांत त्यांनी ओतलेला पैसा ही दुय्यम गोष्ट होय. मुख्य गोष्ट अशी की, सेवेच्या कामाला त्यांनी पेढीची शिस्त लावली. खादी भांडाराचा हिशेब कापसाच्या पेढीइतकाच चोख असला पाहिजे, हा त्यांचा दंडक. भावनेच्या भरात हिशेब ठेवावयाचा राहून गेला, ही सबब त्यांच्यापुढे चालत नसे. सार्वजनिक पैसा स्वतःच्या पैशापेक्षा अधिक जपून खर्चावा, हा साधा नियम पाळला न गेल्यामुळे किती सत्कार्ये बुडाली, हे आपण सर्व जाणतो.

ज्ञातिसंस्थेच्या या अंकात त्यांचा स्वतःच्या ज्ञातीशी कसा संबंध होता, हे सांगणे अगत्याचे आहे. त्यांनी ज्ञातीचा त्याग केला नाही, पण ज्ञातीपुढे मानही तुकविली नाही. अग्रवाल महासभेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले आणि तेथे पडदा, बालविवाह, लग्नातील उधळपट्टी यांविरुद्ध स्पष्टपणे सांगितले. नुसते सांगून ते थांबले नाहीत. जानकीदेवींनी पडदा सोडला, दागिने उतरविले. १९२६ साली मुलीचे लग्न साबरमतीच्या आश्रमात अत्यंत साधेपणाने केले. १९२८ च्या जुलैमध्ये वर्ध्याचे आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० चा, पुण्याचा करार १९३२ चा. त्यापूर्वीची ही गोष्ट. सनातनी मंडळींचा रोष झाला, आप्तस्वकीय दुरावले, बहिष्काराची भाषा झाली. तरीही त्यांनी कटू शब्द न काढता आपला मार्ग सोडला नाही. आपल्या ज्ञातीवर खरे प्रेम करणारा मनुष्य तिला गोंजारीत बसत नाही, तो तिला पुढे नेतो, हा धडा आम्हांस येथे घ्यावासा वाटतो.

त्यांच्या कार्यावर आक्षेप घेण्यासारखे काहीच नव्हते, असे म्हटल्यास चरित्राला न्याय होणार नाही. सेवकांचा निर्वाह मूठभर धनिकांच्या औदार्यावर अवलंबून राहिला, तर धनिकांविरुद्ध बोलण्याचे धैर्य सेवकांना राहील काय, ही शंका त्या काळीही घेतली जात होती आणि ती निराधार नाही. दाता जमनालालजींसारखा निःस्पृह असेल तर ठीक. पण सगळेच दाते तसे कोठून आणावे? शिवाय गांधी सेवा संघात पुढे राजकारण शिरले. संघाच्या सदस्यांनी निवडणुकांत व सत्तेत पडावे की नाही यावर मतभेद झाले आणि १९४० च्या फेब्रुवारीत बंगालमधील मालिकांदा येथे संघाचा व्याप जवळजवळ गुंडाळण्याचा निर्णय झाला. या अनुभवाचे तात्पर्य उघड आहे. सेवकाच्या निर्वाहाची सोय एका मोठ्या तिजोरीपेक्षा अनेक लहान हातांनी व्हावी, आणि ती देणाराने कामावर मालकी सांगू नये.

अखेरच्या दिवसांत जमनालालजींचे मन राजकारणातून निवृत्त झाले होते. प्रकृती ढासळल्यामुळे १९४१ साली त्यांची नागपूरच्या तुरुंगातून सुटका झाली. त्याच वर्षी गोसेवा संघ स्थापून त्यांनी आपले उरलेले आयुष्य गोसेवेला वाहिले आणि वर्ध्याबाहेर गोपुरीत एका साध्या झोपडीत राहू लागले. परंतु तो काळ अल्पच ठरला. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वयाच्या बावन्नाव्या वर्षी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे अकस्मात निधन झाले. गांधीजींना हा घाव फार खोल लागला. जानकीदेवींनी शोक करीत बसण्याऐवजी पतीचे कार्य आपल्या हाती घेतले. पुढे विनोबांच्या भूदानयात्रेत कूपदानाचा, म्हणजे विहिरींच्या दानाचा, प्रचार त्यांनी केला. ज्याच्या दत्तकविधीची कथा एका विहिरीपासून सुरू झाली, त्याच्या सहधर्मचारिणीने गावोगाव विहिरी मागाव्या, हे किती शोभले!

आज काळ पालटला आहे. समाजकार्य ही शिकण्याची विद्या झाली आहे. नागपुरात कमलाताई होस्पेट व वेणूताई नेने यांनी १९२१ साली मातृसेवा संघ काढला. त्याच संघाने १९५८ साली समाजकार्याचे महाविद्यालय सुरू केले, आणि तेथून शिकून निघालेले कार्यकर्ते दूरदूर पसरले. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक मर्यादेवरील कंपन्यांना आपल्या नफ्याचा किमान दोन टक्के भाग सामाजिक कार्यावर खर्चण्यास सांगितले आहे. शिष्यवृत्त्या आहेत, प्रकल्प आहेत, पगारही आहेत. तरीही आईबापांची ती जुनी चिंता मिटलेली नाही. कारण प्रकल्प दोनतीन वर्षांत संपतो, आणि कार्यकर्त्याचा संसार मात्र संपत नसतो.

म्हणून सभासद कुटुंबांना आमची दोन बोटे विनंती आहे. आपल्या घरातील मूल सेवेची वाट धरू म्हणाले, तर त्याला वेड्यात काढू नये. त्याला आधी हिशेब शिकवावा. त्याच्या निश्चयाची दुसऱ्या महिन्यात, दुसऱ्या वर्षात परीक्षा घ्यावी, आणि तो टिकला तर त्याच्या पाठीशी उभे राहावे. आणि मंडळाने गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराबरोबर, पूर्ण वेळ समाजकार्य करणाऱ्या एखाद्या तरुणाच्या वा तरुणीच्या निर्वाहाचा भार, घराघरांतून थोडे थोडे जमवून, काही वर्षांसाठी उचलता येईल काय, याचा विचार यंदाच्या सर्वसाधारण सभेत करावा. लाख रुपये देणारा शेटजी आपल्यात नसेल. पण रोजच्या रुपयातून शंभर साठविणारा मुलगा होण्यास श्रीमंती लागत नाही. जमनालालजींचे स्मरण आम्हांस यापरते दुसऱ्या कोणत्याही रीतीने अधिक सार्थ होईलसे वाटत नाही.